मखराची कमान दोन मिलिमीटरने का चुकली?

मरोळ नाक्याला मेट्रोच्या पुलाखालून आत वळले की काचेच्या उंच इमारतींच्या मागे जुन्या औद्योगिक वसाहतींचे गाळे अजूनही टिकून असलेले दिसतात. कुठे छपाई, कुठे खोक्यांचे काम, कुठे फर्निचर. अशाच एका गाळ्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणेश चतुर्थीला जेमतेम दहा दिवस उरले असताना, एक मखर जमिनीवर आडवे मांडून ठेवले होते आणि त्याभोवती चार माणसे गप्प उभी होती. कमानीचे दोन अर्धे भाग एकमेकांना भिडवले की पायथ्याशी सांधा घट्ट बसत होता. माथ्याशी मात्र दोन मिलिमीटरची फट राहत होती. कळसाचा तुकडा त्या फटीमुळे खाचेत उतरतच नव्हता.

मखर म्हटले की एके काळी थर्माकोल डोळ्यांपुढे येई. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लॅस्टिकच्या वस्तूंबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली आणि पुठ्ठा, कापड, एमडीएफ यांची मखरे बाजारात वाढली. एमडीएफची मखरे बहुधा सुटी करून ठेवता येतील अशी असतात. त्यांत खिळा नाही, गोंद नाही. एका तुकड्याचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसायचे आणि विसर्जनानंतर सगळे उलगडून माळ्यावर जायचे. सुतारकामात 'सूतभर' फरक म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. हाताने काम करणारा सुतार तेवढा फरक रंध्याचे दोन हात मारून काढून टाकतो. खाचेत बसायच्या तुकड्याला मात्र अर्ध्या मिलिमीटरची चूकही महागात पडते. शिवाय मखराला चतुर्थीनंतर गिऱ्हाईक नसते. त्या गाळ्यात अकरा मखरांचे भाग कापून तयार होते आणि अकराही चुकलेले होते.

तरुण मालकाने यंत्र दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. पलीकडून निदान तत्काळ आले : कार्ड गेले असेल, बदलावे लागेल. येथे 'कार्ड' म्हणजे यंत्राच्या हालचालींचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा. खर्च बराच, आणि नवे कार्ड यायला चार दिवस. तेव्हा शेजारच्या गाळ्यातील एक निवृत्तीला आलेले फिटर म्हणाले, ''कार्ड नंतर बघू. आधी कापलेलं बघू या. चूक कशी झालीय ते मालच सांगतो.'' पुढची दोन तास जी तपासणी झाली, ती अशा यंत्रांवर काम करणाऱ्यांना तर उपयोगी आहेच. पण घरासाठी फर्निचर किंवा जाळी करून घेणाऱ्या ग्राहकालाही माहीत असावी अशी आहे. कारण सांधा जुळला नाही की कारागीर यंत्राकडे बोट दाखवतो, यंत्रवाला प्लायकडे आणि प्लायवाला पावसाकडे.

हे यंत्र म्हणजे सीएनसी राउटर. एक सपाट टेबल, बहुधा आठ बाय चार फुटांचा पूर्ण तक्ता मावेल एवढे. त्यावर आडवी पसरलेली, दोन पायांवर उभी असलेली लोखंडी कमान, तिला 'गॅन्ट्री' म्हणतात. गॅन्ट्री टेबलाच्या लांबीत पुढेमागे सरकते, तिच्यावरची गाडी रुंदीत डावी-उजवीकडे सरकते आणि गाडीवरचा स्पिंडल वरखाली होतो. स्पिंडलच्या टोकाला मिनिटाला हजारो फेरे घेणारा कटर. या तिन्ही हालचाली संगणकातून आलेल्या आकड्यांनुसार होतात. अंकांनी यंत्र चालवण्याची ही कल्पना अमेरिकेतली. हेलिकॉप्टरची पाती नेमक्या आकारात घडवण्याच्या खटपटीत असलेल्या जॉन पार्सन्स यांच्या कामातून ती पुढे आली आणि १९५२ साली एमआयटी या संस्थेत असे पहिले मिलिंग यंत्र चालवून दाखवले गेले. तेव्हा आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून दिल्या जात. त्याच एमआयटीच्या सहकार्याने २००२ साली पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात अमेरिकेबाहेरच्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक उभी राहिली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

यंत्र आकड्यांवर चालते म्हणून ते अचूकच असणार, असा आपला समज असतो. या समजातच निम्मा घोटाळा आहे. मध्यम किमतीच्या बहुतेक राउटरवर 'स्टेपर' मोटर असतात. अशी मोटर सलग न फिरता पावलापावलाने फिरते. एका पूर्ण फेऱ्यात साधारणपणे २०० पावले. प्रत्येक पावलाचे आणखी आठ भाग केले तर १,६०० सूक्ष्म पावले. मोटरला जोडलेल्या स्क्रूच्या एका फेऱ्यात कटर पाच मिलिमीटर सरकत असेल, तर एका मिलिमीटरला ३२० सूक्ष्म पावले झाली. कागदावर ही अचूकता थक्क करणारी आहे. पण कार्ड फक्त 'इतकी पावले टाक' एवढेच सांगते. पावले खरोखर पडली का, हे ते विचारत नाही. आंधळ्या माणसाला 'उजवीकडे वीस पावले चाल' असे सांगून आपण पाठ फिरवावी, तसा हा प्रकार. वाटेत ठेच लागली तर चालणाऱ्याला कळेल, सांगणाऱ्याला नाही. (महागड्या यंत्रांतील सर्व्हो मोटरला मागे निरोप देणारा डोळा असतो, पण मरोळ-साकीनाक्याच्या गाळ्यांत सगळेच महाग यंत्र घेऊ शकत नाहीत.)

फिटरकाकांनी मालकाला आधी तीन गोष्टी विचारल्या. सगळे तुकडे सारखेच चुकले आहेत की प्रत्येक वेगळा? लहान तुकड्यात चूक कमी आणि मोठ्यात जास्त आहे का? आणि चूक एकाच दिशेने आहे का? प्रश्न साधे वाटतात, पण निम्मे निदान त्यांतच आहे. तुकडे वेगवेगळे चुकत असतील, तर चालू कामात काहीतरी निसटते आहे : पावले, पकड किंवा वीज. सगळे सारखेच चुकत असतील, तर यंत्र आज्ञा नीट पाळते आहे. त्याची मांडणीच वाकडी आहे.

पावले निसटण्याचा आजार सर्वात भीतिदायक, कारण तो मध्येच उद्भवतो. अर्धा तक्ता सुरेख कापला जातो आणि मग एकाएकी सगळी नक्षी बाजूला सरकते. तेथून पुढचे सर्व काम त्याच सरकलेल्या जागेवर होत राहते. कटर बोथट, वेग जास्त, रुळावर भुशाचा थर किंवा एकदम घेतलेला झपाटा, यांपैकी कशानेही मोटर अडखळते. येथे एक गमतीची खूण आहे. स्टेपर मोटर अडखळली की ती कितीही सरकत नाही. तिच्या विजेच्या आवर्तनानुसार चार पूर्ण पावलांच्या पटीतच घसरते. वरच्या उदाहरणात चार पावले म्हणजे फेऱ्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.१ मिमी. तेव्हा सरकण्याचे माप ०.१ च्या पटीत नेमके येत असेल, तर संशयाची सुई मोटरकडे वळवायला हरकत नाही. माप कसेही येत असेल, तर मोटर व स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू आधी आवळून पाहावा. हा दाण्याएवढा स्क्रू सैल झाल्याने कित्येक चांगली कार्डे भंगारात गेली असतील. मोटरच्या दांड्यावर आणि कपलिंगवर मिळून पेनाने एक रेघ मारून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला.

विजेचा त्रास याहून फसवा. स्पिंडलला वीज पुरवणाऱ्या ड्राइव्हमधून विद्युत गोंगाट निघतो. त्याची केबल मोटरच्या सिग्नलच्या तारांना चिकटून नेली असेल किंवा अर्थिंग नावापुरते असेल, तर तो गोंगाट खऱ्या आज्ञेसारखा भासतो आणि मोटर न सांगितलेले पाऊल टाकते. ओळखायचे कसे? स्पिंडल बंद ठेवून तोच कार्यक्रम हवेत चालवावा आणि शेवटी यंत्र आरंभबिंदूवर परत येते का ते पाहावे. मग स्पिंडल सुरू करून, पण कटर वर उचललेलाच ठेवून, तेच पुन्हा करावे. पहिल्या वेळी बरोबर आणि दुसऱ्या वेळी चूक, तर लाकडाचा काही दोष नाही.

सारख्याच पद्धतीने चुकणाऱ्या यंत्रासाठी सर्वात स्वस्त वैद्य म्हणजे एक वर्तुळ. टाकाऊ तुकड्यावर शंभर-दीडशे मिमी व्यासाचे वर्तुळ कापावे आणि ते उजेडात धरावे. घड्याळाच्या बारा, तीन, सहा व नऊ या जागी कडेला बारीक सपाट डाग किंवा पायरी दिसत असेल, तर तो 'बॅकलॅश', कारखान्याच्या भाषेत 'प्ले'. या चार जागी एकेका अक्षाची दिशा उलटते. नट आणि स्क्रू यांच्यात ढिलाई असेल, तर दिशा बदलल्यावर मोटर फिरते, पण गाडी क्षणभर जागीच राहते. वर्तुळ आडवे किंवा उभे लंबगोल झाले असेल, तर दोनपैकी एका अक्षाची पावलांची गणती चुकली आहे. त्याचा उपाय त्रैराशिकाचा : हजार मिमी सांगून ९९८ मिमी सरकत असेल, तर ३२० ला १,००० ने गुणून ९९८ ने भागावे, ३२०.६४ येतात. आणि लंबगोल तिरका, म्हणजे कोपऱ्यांकडे ताणलेला असेल, तर दोन अक्ष एकमेकांशी काटकोनात नाहीत. हा शेवटचा प्रकार लहान वर्तुळात डोळ्यांना सहसा दिसत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

कटरच्या बाबतीत एक चूक इतकी सर्रास होते की ती चूक मानलीच जात नाही. पाकिटावर '६ मिमी' लिहिलेला कटर धार लावून आणल्यावर ५.९ मिमीचा झालेला असतो. संगणकात मात्र सहाच भरलेले. मग खाच ०.१ मिमीने अरुंद होते, तिच्यात बसायचा तुकडा ०.१ मिमीने रुंद होतो आणि दोन्ही एकत्र आले की ०.२ मिमीचा अडथळा उभा राहतो. कोलेटमध्ये भुसा अडकून कटर किंचित लंगडत फिरत असेल, तर नेमके उलट : खाच मोठी, तुकडा लहान, सांधा ढिला. याशिवाय कटर वाकतोही. पोलाद कसे वाकेल, असे वाटते. पण कोलेटबाहेर काढलेली लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच दाबाखाली वाक आठपट होतो. म्हणून कटर गरजेपुरताच बाहेर ठेवावा आणि कडेला थोडा माल शिल्लक ठेवून शेवटचा हलका फेरा मारावा. व्हर्निअर हाताशी असताना कटर न मोजणाऱ्या ऑपरेटरची कीव येते. पाच सेकंदांचे ते काम.

मालाचा दोष नसतोच असे नाही. '१८ मिमी' म्हणून घेतलेला प्लाय क्वचितच नेमका १८ भरतो. खाच कापण्याआधी प्रत्येक तक्ता मोजावा. मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला तक्ता बाक धरतो आणि टेबलावर चारही कोपरे नीट धरले नाहीत तर कापताना नाचतो. तुकडा तक्त्यापासून पूर्ण सुटा होण्याच्या क्षणी त्याला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून आतली नक्षी आधी व बाहेरची कड शेवटी कापायची आणि कडेला दोन-चार बारीक पूल राखायचे. ॲक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्यांना आणखी एक काळजी. बाराशे मिमी लांबीचा ॲक्रिलिकचा तक्ता दहा अंश सेल्सिअस तापला की सुमारे ०.८ मिमीने वाढतो. तेवढेच पोलाद ०.१४ मिमीने. पत्र्याखालच्या गाळ्यात दुपारी कापलेली पाटी रात्री वातानुकूलित दुकानात बसवताना आखडलेली भरते, आणि शिव्या यंत्राला बसतात.

आता पुन्हा त्या कमानीकडे. अकराही जोड्यांत चूक तीच आणि तेवढीच होती. पावले निसटली असती तर प्रत्येक तुकड्याची कहाणी वेगळी असती. म्हणजे कार्ड, मोटर, वीज येथेच सुटली. तुकड्यांची रुंदी मोजली, बरोबर. उंची मोजली, १,२०० मिमी, बरोबर. मालक हताश झाला : ''काका, मापं तर सगळी बरोबर आहेत!'' काकांनी फटीकडे बोट दाखवले. फट सरळ नव्हती, पाचरीसारखी होती. खाली शून्य, वर दोन. लांबी-रुंदी बरोबर आणि तरीही पाचर, म्हणजे काटकोन मोडला आहे.

गवंडी पाया आखताना तीन-चार-पाचचा त्रिकोण मांडतो, तीच युक्ती येथे वापरली गेली. यंत्राला एक हजार बाय दोन हजार मिमीच्या आयताच्या चार कोपऱ्यांवर चार बारीक भोके पाडायला सांगितले. बाजू मोजल्या; चुकीचा पत्ता नाही. मग दोन्ही कर्ण मोजले. ते समान, २,२३६ मिमी यायला हवे होते; दोघांत दीड मिमीचा फरक निघाला. गॅन्ट्री टेबलाच्या लांबीशी काटकोनात न राहता एका टोकाने पुढे गेली होती. हिशेब केला, तर हजार मिमी रुंदीत सुमारे ०.८ मिमी, म्हणजे कमानीच्या बाराशे मिमी उंचीत एक मिमी. गुण्या लावून हा फरक दिसत नाही, कारण गुण्याचा पाय वीतभर. तेवढ्या अंतरात तो फारच थोडा उरतो. कर्ण मात्र तो लपू देत नाहीत.

पण चूक एक मिमीची आणि फट दोनची, हे कसे? हा भाग मला सर्वात उद्बोधक वाटला. पूर्वीच्या मखरांत डावा आणि उजवा अर्धा भाग संगणकावर वेगवेगळा रेखाटलेला असे. तिरके यंत्र दोन्ही भाग एकाच दिशेने कलते कापते. ते शेजारी ठेवले की सांधा जुळतो आणि अख्खी कमान एक मिमीने कलते. ते कुणाच्या लक्षात येणार? या वेळी तक्ता वाचवण्यासाठी सगळे भाग एकाच नमुन्याचे कापले आणि निम्मे उलटे करून उजव्या बाजूला वापरले. एमडीएफला दोन्ही अंगे सारखी, त्यामुळे कल्पना चांगलीच होती. पण तुकडा उलटला की त्याचा कलही उलटतो. डावा एक मिमी डावीकडे, उजवा एक मिमी उजवीकडे, मिळून दोन. तुकडा उलटून जोडून पाहणे ही काटकोन तपासण्याची जुनीच रीत आहे. येथे ती नकळत वापरली गेली होती.

गॅन्ट्री वाकडी कशाने झाली, याचा शोध लागायला फार वेळ लागला नाही. या यंत्राला गॅन्ट्रीच्या दोन्ही पायांशी एकेक मोटर आहे. यंत्र बंद असताना भुसा झाडण्यासाठी कुणीतरी गॅन्ट्री हाताने ढकलली होती, आणि ढकलणारा माणूस एकटा असल्याने ती एकाच टोकाला धरून. एक पाय थोडा पुढे गेला, दुसरा घर्षणाने मागे राहिला. वीज सुरू झाली तेव्हा दोन्ही मोटरींनी आहे त्या जागीच पकड घेतली आणि तो वाकडेपणा पक्का झाला. काही यंत्रांत दोन्ही पायांना स्वतंत्र लिमिट स्विच असतात. सुरू होताना प्रत्येक पाय आपापल्या स्विचला शिवून गॅन्ट्री आपोआप सरळ होते. या यंत्राला स्विच एकाच बाजूला होता. बांधणीत पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे, असे माझे मत आहे. पण विकत घेताना ते विचारणारे ग्राहकही थोडे.

दुरुस्तीला एक पैसा लागला नाही. टेबलाच्या एका टोकाला दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर लोखंडी ठोकळे घट्ट बसवले. वीज बंद करून दोघांनी दोन टोकांना धरून गॅन्ट्री ठोकळ्यांना टेकवली आणि ती तशीच टेकलेली असताना वीज सुरू केली. पुन्हा चार भोके, पुन्हा कर्ण. पहिल्या खेपेला अर्ध्या मिमीचा फरक उरला. एका ठोकळ्याखाली पत्र्याची पातळ पट्टी सारून तोही काढला. तिसऱ्या खेपेला मोजपट्टीवर दोन्ही कर्ण एकाच रेघेवर आले.

वाया गेलेल्या बावीस अर्ध्या भागांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. सगळेच एका बाजूला कललेले, त्यामुळे डाव्या बाजूला वापरायचे तुकडे तसेच ठेवून नव्या, सरळ उजव्या भागांशी जोडून पाहिले. फट एक मिमीवर आली, पण कळस बसेना. शेवटी ते सारे लहान मखरांच्या पाठफळ्यांसाठी कापायचे ठरले. रात्री साडेनऊला पहिली नवी कमान जमिनीवर मांडली गेली आणि कळस अंगठ्याच्या दाबाने खाचेत उतरला. मालकाने कार्डवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितले, आणि भुसा झाडणाऱ्या मुलाला दिसेल अशा बेताने गॅन्ट्रीच्या दोन्ही टोकांना खडूने लिहिले : 'दोघांनी ढकला.'